गालावरची तीट

हेरंब सकाळपासून आपल्या न जन्मलेल्या मुलाच्या कानामागे लागला होता. बाळ दवाखान्यातल्या यंत्रात वाढत होतं आणि त्याचं हलतं चित्र घरच्या स्क्रीनवर दिसत होतं. चित्रावर बोटानं खूण ठेवायची, काय हवं ते बोलायचं, की बाळात तसा बदल होई. एका बाळाला एकच बदल, आणि मुदत आज संपत होती.

हेरंबला घराण्याचे सुपाएवढे कान घालवायचे होते. त्या कानांपायी शाळेत त्याला सगळे 'सूपकान्या' म्हणत. पण बोट टेकवावं, तर कार्टं नेमकी मान फिरवी आणि खूण पडे नाकावर. मग ती पुसा, पुन्हा ठेवा.

"आई, जरा बस इथे. कशाला हात लावू नकोस," असं करवादून तो चहा टाकायला उठला.

शकुंतलाबाई नातवाकडे बघतच राहिल्या. इतकं गोजिरं पोर, सगळा दवाखाना टकामका बघणार, आणि गालाला साधी तीट नाही! त्यांनी काजळाचं बोट स्क्रीनवर टेकवलं. बाळ अगदी शहाण्यासारखं स्थिर राहिलं.

"काळा ठिपका असू दे हो इथे जन्मभर, सोन्या. दृष्ट नको लागायला."

"मागणी मान्य," स्क्रीन म्हणाला.

बारशाला आत्यानं बाळाचा गाल पदरानं दोनदा पुसून पाहिला.

"जायची नाही ती," शकुंतलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "आणि कान बघ, हुबेहूब हेरंबचे. नशीब, त्यांना कुणी हात लावला नाही!"