कणकेचा गोळा

ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या शामलाताई मोबाइलवरच्या व्हिडिओंत स्वयंपाकाच्या युक्त्या सांगतात. वरण खारट झालं तर त्यात कणकेचा गोळा सोडायचा, ही त्यांची लाडकी युक्ती. त्या व्हिडिओखाली त्यांच्या सुनेने, सीमंतिनीने, लिहिलं, ‘आईंच्या स्वयंपाकाची मी रोज चेष्टा करते.’

शामलाताई भडकल्या. मुलगा ध्रुव घाईने मध्ये पडला.

“अगं आई, ही हिंदीतली चेष्टा. म्हणजे कोशिश. तुझ्यासारखं जमावं म्हणून धडपडते बिचारी.”

मराठी घरांतही हिंदी मिसळलेल्या ग्वाल्हेरात हे कुणालाही पटतं. शामलाताई विरघळल्या. त्यांनी सुनेला स्वतःच्या हाताने वरण-भात वाढला आणि लाडाने विचारलं, “हिंदीतलीच ना गं?”

सीमंतिनीने एक घास खाल्ला, वरणातला कणकेचा गोळा ताटाच्या कडेला ठेवला आणि ती पेलाभर पाणी प्यायली.

“नाही आई, मराठीतली.”