गौहर मॅडमना काय द्यायचं

भिंतीवरचं घड्याळ. दिवसाला सात मिनिटं मागे पडणारं.

अकरा किलो सोनपापडी.

काचेच्या हंसांची जोडी. एका हंसाला मान नाही.

चाकणच्या एका गेटवर काजूकतली खाणारा सिक्युरिटीवाला. म्हणतो, बरी आहे, पण कालची जास्त चांगली होती.

टाय. ज्यांना दिला ते साहेब बारा महिने बॉयलर सूटमध्ये.

भोसरीत पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या भैरूअण्णांनी गेल्या पाच दिवाळ्यांत आपल्या ग्राहकांना दिलेल्या या भेटी. सहावी दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि यंदा चुकून चालणार नव्हतं. चाकणच्या मोठ्या कंपनीत नव्या गाडीचा ब्रॅकेट जानेवारीपासून कोणाकडून घ्यायचा, ते अजून कळायचं होतं. दोघंच उरले होते. एक अण्णा. दुसरा तळेगावकडचा कारखानदार, जो म्हणे सगळ्यांना चामड्याच्या बॅगा वाटत होता. हे काम गेलं तर अण्णांना दुसरं प्रेस मशीन विकावं लागणार होतं. त्यावरची चार माणसं घरी बसणार होती. आणि ठरवणाऱ्या होत्या गौहर मॅडम.

अण्णांच्या मनात चांदीचं नाणं होतं. लक्ष्मीचं. ऑफिस सांभाळणारी त्यांची मुलगी दिव्या म्हणाली, अण्णा, मॅडमचं नाव गौहर आहे. अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि गणपतीचं नाणं सुचवलं.

मग शीरखुर्म्याचं सामान निघालं. दिवाळीत शीरखुर्मा पाठवला तर आपल्याला कॅलेंडर वाचता येत नाही असं वाटेल, हे दिव्याचं मत. मग साडी. अण्णांच्या बायकोने, कुसुमताईंनी, परक्या बाईला साडी कुठल्या नात्यानं देताय, एवढंच विचारलं. साडी गेली.

टेम्पोवाला अनिस दारात चहा पीत सगळं ऐकत होता. चाकणला रोजचा माल तोच नेई. आठ दिवस डोकी फोडण्यापेक्षा मॅडमनाच का विचारत नाही, म्हणाला. अण्णांना हे भलतंच वाटलं. भेट काय विचारून देतात? तोवर दिव्याने फोन लावून स्पीकरवर टाकला होता आणि भेट काय चालेल ते विचारलंही होतं.

पलीकडे फोर्कलिफ्टचा टिंगटिंग आवाज. मग गौहर मॅडम हसल्या. कंपनीच्या नियमाने त्यांना सुपारीचं खांडही घेता येत नाही, म्हणाल्या.

“पण काका, खरंच काही द्यायचं असेल तर एक करा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन उचला.”

दिवाळीत सगळे गावी जातात, म्हणून प्लँटमधली ती ड्यूटी त्या दरवर्षी मागून घेतात. लाइन चालूच असते. नऊ वर्षं झाली, त्या संध्याकाळी एकाही माल पुरवणाऱ्याने त्यांचा फोन उचललेला नाही. अण्णा खाली बघू लागले. त्यांचा फोन त्या दिवशी सहा वाजताच कपाटात जायचा.

फोन ठेवल्यावर अण्णा एकच बोलले. “परीक्षा हाय ही.”

मग तयारी सुरू झाली. तीन दिवस ओव्हरटाइम. दोन हजार ब्रॅकेट. टेम्पो भरून अण्णांच्या मोशीच्या घरासमोर उभा. अनिस थांबायला तयार झाला, करंज्या मात्र आधी मागून घेतल्या. पूजेच्या पाटावर, समईशेजारी अण्णांचा फोन. कुसुमताईंनी सगळ्यांबरोबर त्यालाही हळद-कुंकू लावलं.

सात वाजून दहा मिनिटांनी तो वाजला. आरती अर्ध्यात थांबली.

“किती पाठवू, मॅडम? गाडी भरलेली हाय.”

“काही नको, काका. माल भरपूर आहे.”

“मंग?”

“मग काही नाही. दिवाळीच्या शुभेच्छा. फराळाला काय काय केलंय?”

अण्णांनी एकेक सांगायला सुरुवात केली. लाडू. शेव. चकली, पण ती यंदा मऊ पडली हाय. मॅडम म्हणाल्या, आच मोठी ठेवली असणार. बाहेरून लाल होते, आत मऊच राहते. हे ऐकून कुसुमताईंनी अण्णांच्या हातातून फोन काढून घेतला. मग भाजणी निघाली, मॅडमच्या आईची पद्धत निघाली, कोणाची मुलं काय शिकतात ते निघालं. दिव्याने खुणेने ऑर्डरचं विचारलं. कुसुमताईंनी तिला हातानेच गप्प केलं. वीस मिनिटं झाली. अनिसने टेम्पोच्या पुढच्या सीटवर ताणून दिली.

फोन बंद झाल्यावर अण्णांनी विचारलं.

“दिव्या, पास झालो म्हणायचं का गं आपण?”

दिव्या म्हणाली, मौखिकात आई पहिली आली.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी मेल आला. काम अण्णांना मिळालं होतं. त्यांनी अख्ख्या गाळ्यांच्या रांगेत पेढे वाटले आणि भेटेल त्याला आपली युक्ती सांगितली. बॅगा नको, बदाम नको. लक्ष्मीपूजनाला फोन उचल, भावा, ऑर्डर चालत येतीया. शेजारच्या तिघांनी ती लिहूनही घेतली.

ऑर्डर भैरूअण्णांना द्यायच्या कागदावर गौहर मॅडमनी सही केली होती, ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी.