पालथा साचा

इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा मांडीवर घेतली आणि नकाशेवाले चपापले. बोटं शेवटच्या पट्टीपर्यंत पोचावीत म्हणून खालच्या कडेला खोल खाच कोरतात. ती वर येऊन छातीला लागत होती. आवाज कमीजास्त करायच्या कळा खाली हव्यात, त्या गळ्याशी आल्या होत्या. त्यांनी गिटार फिरवून पाहिली. मान वाकडी करून पाहिलं. शेवटी स्वतःच उठून फिरून बसले. छे! पुठ्ठ्याचा साचा पालथा पडलेला असताना तसाच फळीवर गिरवला होता. जुन्या पलंगाच्या फळीला महिनोन्‌महिने तासून, घासून त्यांनी झकास डावखुरी गिटार घडवली होती. आणि ते स्वतः उजवे.

बरं, माणूस पोटापाण्यासाठी घरांचे नकाशे काढणारा! त्यांच्या कागदावर एक दार कधी भलत्या बाजूला उघडलं नव्हतं. पण टेबलावर गिटार सदा आडवी. कधी पोटावर, कधी पाठीवर. तिच्याकडे बघताना साहेबांना फक्त मिलिमीटर दिसायचे.

या मिलिमीटरांपायी घराची पार दैना झाली होती. गॅलरीत करवत, बाथरूममध्ये पॉलिशचे डबे आणि भुसा तर चहाच्या कपापर्यंत. बायको आतल्या खोलीत शिवणकाम करायची. तिनं कापलेल्या कापडावर तो भुसा बसायचा. ती झाडू घेऊन गॅलरीत गेली की हे ओरडायचे, "अगं, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस!"

"मला काय करायच्यात तुमच्या वस्तू? भुसा झाडतेय," ती म्हणायची आणि झाडायची.

अगदी सुरुवातीला, साचा कापून झाला तेव्हा, ती एकदा म्हणाली होती, "मलापण वाजवायचीय हो." ती पक्की डावखुरी. कात्रीसुद्धा तिला वेगळी लागायची. लहानपणी धाकट्या भावाची गिटार तिनं उलटी धरली, तेव्हा भाऊ पोट धरधरून हसला होता. ते हसणं ती अजून विसरली नव्हती. नकाशेवाल्यांनी चष्मा पुसत तिला समजावलं होतं, "डावखुऱ्यांचं सगळंच उलटं कोरावं लागतं. फार किचकट काम असतं ते. तुला नाही कळायचं."

"असेल बाई," असं म्हणून ती पुन्हा बाह्या कापायला बसली होती. एका कागदावरून एक बाही, कागद पालथा केला की दुसरी.

दारावरची बेल वाजली. मेहुणाच तो! हौसेनं ॲम्प्लिफायर घेऊन आला होता. त्याला बोलावलंही ह्यांनीच होतं, कौतुक करून घ्यायला. लपवायला गिटार काही सुई नव्हती. मेहुण्यानं ती उचलली, मांडीवर घेतली आणि त्याचे डोळे चमकले.

"भावोजी, काम एक नंबर झालंय. पण ही उलटी आहे हो!" तो खो-खो हसत सुटला. "सगळ्या खानदानाला सांगतो आता!"

नकाशेवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सांगणार म्हणजे हा सांगणारच. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हीच गोष्ट. खोटं बोल पण रेटून बोल, म्हणतात ना?

"उलटी कशानं? ती तुझ्या ताईसाठी आहे. ताई डावखुरी आहे, एवढंही लक्षात नाही तुझ्या?"

आतलं शिलाई मशीन थांबलं. मेहुण्याचं हसू तोंडातच राहिलं. ती गळ्यातल्या टेपसकट दारात येऊन उभी राहिली.

"माझ्यासाठी?"

"मग काय! आधी सांगितलं असतं तर मजा गेली असती." बोलून गेले खरे, पण तिचे डोळे भरून आलेले पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तिनं गिटार मांडीवर घेतली. ती अंगाला अशी बसली, जशी मापं घेऊनच शिवलेली. मेहुण्यानं निमूटपणे उलट क्रमानं तारा चढवल्या, वायर जोडली आणि बहिणीची बोटं एकेक करून पट्टीवर ठेवली. तिनं डावा हात फिरवला. खिडकीची काच थरथरली.

"ताई, जमतंय की तुला!" तो म्हणाला. या खेपेला तो हसला नाही.

तो गेल्यावरही ती वाजवतच राहिली. सूर एकच, पण चेहरा बघावा असा. नकाशेवाले शेजारी बसून घट्टे पडलेला हात चोळत होते. चूक झाली ते बरंच झालं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"आता तुमच्यासाठी दुसरी करा," ती मान वर न करता म्हणाली. "पलंगाची पायाकडची फळी आहे अजून."

"आणि तीही उलटी झाली तर?" त्यांच्या तोंडून निसटलं. त्यांनी जीभ चावली.

"नाही होणार," ती म्हणाली. "या वेळी मी तुमच्या साच्याला हात नाही लावणार."