नागव्वाचं बोट

तिसऱ्या दिवशीही नागव्वाने हात पदराखाली लपवला.

"आदी तुजं बोट. मग माजं."

चंद्रिकाने स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब डबीच्या पट्टीवर टेकवला. मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही, असं रोजच्यासारखं समजावलं. मग कुठे आईने हात पुढे केला. सत्तरीची बाई सुईला भ्यायची आणि शिक्षा लेकीला व्हायची.

डबी चंद्रिकाचीच. सोलापुरात कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात तिने ती दोन वर्षं खपून बनवली होती. थेंब दिला की साखरेचा आकडा थेट डॉक्टरांच्या फोनवर जायचा. डॉक्टरांनी तिकडून बटण दाबलं की डबीतला गोळीचा कप्पा उघडायचा. रोग्याला आकडा दिसायचाच नाही, आणि हे तिने मुद्दाम केलं होतं. तिचे वडील बसप्पा आकडा कमी दिसला की त्या आनंदात दोन गोड शेंगापोळ्या जास्त खायचे. आधी पाय गेला, मग ते गेले.

आईचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात नागव्वाने लई तहान लागते, रात्री दोनदा उठावं लागतं, पायाला मुंग्या येतात असं सांगितलं, तेव्हा चंद्रिकाने लगेच चपला पायात घातल्या. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हातारी जागची हलेना. तुझी डबी काय शोभेला आहे का, म्हणाली. तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही. शेवटी ओळखीचे डॉक्टर सिद्धेश्वर यांनी सात दिवस अनशापोटी तपासायला सांगितलं.

चंद्रिका हट्टाला पेटली. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची आणि आईसमोर डबी घेऊन बसायची. पहिल्या थेंबापुढे 'नमुना' लिहायची, दुसऱ्यापुढे 'नागव्वा'. एकही दिवस चुकू दिला नाही. सोमवारी डबी दुधनी गावच्या रोग्यांकडे जायची होती, पण तिचं सगळं लक्ष या एकाच रोग्याकडे होतं.

सातव्या दिवशी थेंब दिल्यावर डॉक्टरांचा फोन आला. नागव्वांना साखर नाही, सातही आकडे अगदी व्यवस्थित, म्हणाले. चंद्रिकाला रडूच आलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदा तिला इतकं हलकं वाटलं.

तेवढ्यात टक् करून डबीचा कप्पा उघडला. आत गोळी होती.

"सर, डबी बिघडली वाटतं," ती घाबरून म्हणाली. "कप्पा आपोआप उघडला."

"मी उघडला," डॉक्टर म्हणाले. "तो 'नमुना' म्हणून रोज पाठवतेस, ते रक्त कुणाचं? आजच दवाखान्यात घेऊन ये त्यांना."

चंद्रिकाने फोन खाली ठेवला. नागव्वा पाणी घेऊन समोर उभी होती.

"तहान तुजीच सांगितली व्हती म्या," ती म्हणाली. "तुज्या बापाचं रगत माज्यात कुटलं, चंदव्वा? त्ये तुज्यात हाय."