नैसर्गिक घट

"आठ हजार चढवली, सात हजार नऊशे साठ उतरली. चाळीस कमी, म्हणजे अर्धा टक्का," कप्तानाने कागद पुढे सरकवला. "नैसर्गिक घट. करा सही, केरकरसाहेब."

हे जहाज पूर्वी तेल वाहायचं. आता त्याच टाक्यांत बुडालेल्या किनाऱ्यावरची माणसं गोठवून, काचेच्या कुप्यांत निजवून आणत. माल बदलला, करार तोच राहिला: अर्ध्या टक्क्यापर्यंत घट झाली, तर वाहतूकदाराची जबाबदारी नाही.

केरकरांनी तीस वर्षं बंदरावर तेल मोजलं होतं. थोडं उडून जातं, थोडं तळाला चिकटतं, हे खरंच. पण घट दरवेळी नेमकी अर्ध्या टक्क्यावर यायची, कारण राहिलेली सूट खलाशी भर समुद्रात तेल विकून भरून काढायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. केरकर मुकाट सही करायचे.

आज मात्र ते शिडीने टाकीत उतरले. त्यांची भाची शेवंती याच जहाजाने येणार होती.

चाळीस कुप्या रिकाम्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या. पाट्यांवरची वयं ते वाचत गेले. अठरा, वीस, सतरा. त्यांत म्हातारं एकही नव्हतं, आजारी एकही नव्हतं. शेवटच्या पाटीवर शेवंतीचं नाव होतं. वय एकोणीस.

"ही मेली नाही," केरकर वर बघत म्हणाले. "कुणाला विकलीत?"

कप्तान वरूनच म्हणाला, "मागच्या सात खेपांना तुम्ही खाली उतरला नव्हतात, साहेब."