काळा पोल

काळा पोल वजीरने एका हाताने उचलला आणि त्याला हसूच आलं.

"अरे, याला वजनच नाही राव! ज्योतीराम, धर तर खरं."

ज्योतीरामने धरला नाही. त्याच्या हातात फायबरचा पिवळा पोल होता, मिटवलेला. तो खांद्यावर घेऊन बघत होता, उतरवत होता, पुन्हा घेत होता. "मला ह्योच बरा वाटतोय," तो म्हणाला. "जड हाय, पण हातात बसतोय."

"चार मजल्यांच्या काचा घासायच्यात त्याने. संध्याकाळी जेवायला तरी हात उचलेल का तुझा?"

दोघांनी भागीदारीत रहाटणीतल्या एका दवाखान्याच्या काचा धुवायचं काम घेतलं होतं. आजवर दोघंही दोरीला लटकूनच काचा पुसत आले होते. आता जमिनीवर उभं राहायचं, पोलमधून पाणी वर चढवायचं आणि टोकाच्या ब्रशाने काच धुवायची. गच्चीवरून खाली उतरणं कायमचं बंद. म्हणून तर भोसरीच्या या दुकानात आल्यापासून वजीरच्या तोंडावरचं हसू मावळत नव्हतं.

दुकानाची मालकीण रश्मी काउंटरमागून बाहेर आली. "चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका, भाऊ. मिटवलेला असला की प्रत्येक पोल हलका वाटतो. पूर्ण उघडलात की कळेल किती डोलतो ते. मागच्या भिंतीला लावून बघा. पुढे नको, गल्लीतून तारा गेल्यात आणि हा कार्बनचा आहे, करंट धरतो. मी पाणी सोडते." ती पाइप घेऊन आत गेली.

मागची भिंत जेमतेम एक मजल्याची. तिच्यावर काय कळणार? दुकानाच्या इमारतीला पुढून मात्र चार मजले होते आणि सगळ्यात वरच्या काचेवर धुळीचा जाड थर होता. वजीर पोल घेऊन पुढे आला. एक तुकडा वर सरकवायचा, क्लॅम्प दाबायचा, मग दुसरा. पोल चढत गेला, तरी हाताला भार कळेना. टोकाचा ब्रश उन्हात एवढासा दिसायला लागला. तो काचेला टेकतोय का ते नीट दिसावं म्हणून वजीर मान वर करून एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक.

त्याच्या मनगटांवर इतक्या जोराचा तडाखा बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. लगेच दुसरा बसला. बोटं आपोआप सुटली. कुणीतरी कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि तो पाठीवर आपटला.

डोक्याशी ज्योतीराम उभा होता. हातात पिवळा पोल, लाठीसारखा धरलेला.

यानं मला मारलं. वजीरच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. सात वर्षं एका दोरीवर काम केलेल्या माणसानं मला मारलं.

"हरामखोर, तुझ्या—"

पुढचे शब्द स्फोटात गेले. गल्लीभर निळा उजेड पडला. सोडलेला काळा पोल डोलत डोलत तारांवर आडवा झाला होता. तो मधोमध पेटला, तडकला आणि त्याचे जळते तुकडे रस्त्यावर पडले.

मग सगळं एकदम थांबलं. लेथ, ग्राइंडर, कंप्रेसर, आजूबाजूच्या कारखान्यांच्या सगळ्या शेडमधला आवाज एका क्षणात गेला. कारखान्यांच्या गुरुवारच्या सुट्टीलाही भोसरीत एवढी शांतता नसते.

रश्मी धावत बाहेर आली. "पोलला कोण होतं? अहो, पोलला कोण होतं?" दोघांनाही बघितल्यावर ती पायरीवर मटकन बसली.

वजीर उठून बसला. दोन्ही मनगटं सुजायला लागली होती. उजवा हात भलत्याच दिशेला वळला होता.

"हाक मारायची ना रे," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "तोंड नव्हतं का तुला?"

ज्योतीरामने पिवळा पोल खाली ठेवला.

"हाक मारली असती तर तू मागं वळून बघितलं असतंस."

वजीरने हळूच मान वळवली. हाक आल्यावर माणूस वळवतो तशी. मानेबरोबर हातही वळले असते आणि जिथे तो उभा होता, तिथून पोलाचं टोक थेट तारांत गेलं असतं.

त्याने दोन्ही हात छातीशी ओढून घेतले.

शेडमधून माणसं बाहेर यायला लागली. "लाइट कुणी घालवली रे?" असं ओरडत आलेला एकजण रस्त्यावरचे जळके तुकडे बघून जागीच थबकला.

रिक्षा येईपर्यंत थांबायला ज्योतीराम तयार नव्हता. त्याने मोटारसायकल काढली. वजीरला मागे बसवलं, पण वजीरला काही धरताच येईना. रश्मीने आपली ओढणी काढली, दोघांच्या कमरेभोवती दोन वेढे घातले आणि घट्ट गाठ मारली.

बंद पडलेल्या शेडच्या रांगांमधून गाडी निघाली. दोन्ही बाजूंना माणसं सरून उभी राहिली. निकामी हात मांडीवर टाकून वजीरने कपाळ ज्योतीरामच्या पाठीला टेकवलं. रस्ता गुळगुळीत होता, गाडी अगदी हळू चालली होती, तरी ती पाठ थडथड उडत होती.