वाईट बातमी कशी सांगावी

‘वाईट बातमी कशी सांगावी’ हे डॉक्टरांचं ऑनलाइन प्रशिक्षण तीन दिवस जेवणाच्या टेबलावर चाललं. डॉक्टरीणबाई लॅपटॉपसमोर, शेजारी नवरा मटार सोलत. चारशे डॉक्टरांबरोबर त्याचंही फुकटात शिक्षण झालं.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली. शिकवल्याबरहुकूम नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, स्वतःचा मोबाइल बंद केला, समोर बसून तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“तुझी नवी गाडी आज मी नेली होती. तिच्याबद्दल तुला आत्तापर्यंत काय माहीत आहे?”

इतकी वर्षं पेशंटचे नातेवाईक जे तिला विचारत आले, तेच तिच्या तोंडून निघालं.

“वाचेल ना रे?”

“गॅरेजवाला म्हणाला, चोवीस तास गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही.”